प्रश्नमंजूषा: सेलवरचं यंत्र की फोनवरचं ॲप?

देवगडची मामेबहीण विचारते, सुट्टीत मुलांसाठी काय घेऊ?

ॲप स्वस्त, प्रश्नही ताजे. जाहिराती मात्र छळतात. यंत्रातले प्रश्न ठरलेले, मुलं लवकर पाठ करतात.

टिकाऊपणात आपली खारी हवा यंत्राची वैरीण. सेलच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवा थर धरला की खेळ सुरूच होत नाही. अल्कलाइन सेल गळला असेल तर हातमोजे घालून काढा, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा, पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात वापर नसेल तर सेल काढूनच ठेवा, हे खरंच महत्त्वाचं. पडदा गोठला तरी आधी सेल काढून पुन्हा घाला.

ॲप रेंज गेली की अडतं. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदाच सुमारे ६.५ किलोमीटरचा.

लहान मुलं, लांबचा प्रवास, वारंवार जाणारी वीज असेल तर यंत्र घे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मोठ्यांना ॲपच बरं.