झेड/व्हीएमवरच्या लिनक्स गेस्टचा डंप: व्हीएमडंप की स्टँड-अलोन?

झेड/व्हीएम ही आयबीएमच्या मेनफ्रेमवर आभासी मशीन चालवणारी प्रणाली; गेस्ट म्हणजे त्यातलं एक मशीन, आणि डंप म्हणजे त्याच्या मेमरीची तपासणीसाठी घेतलेली प्रत. गेस्ट अडकला की कन्सोलवर '#सीपी व्हीएमडंप' टाका, काम सुरू. आधी कसलीच तयारी लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. डंप होईपर्यंत गेस्ट थांबतो, मग जिथे होता तिथून पुढे चालतो. डंप स्पूलमध्ये (झेड/व्हीएमची फाइली तात्पुरत्या ठेवायची जागा) रीडर फाइल म्हणून, म्हणजे गेस्टला वाचायला आलेली फाइल म्हणून, पडतो. तिथून लिनक्सच्या व्हीएमयूआर या कमांडने उचलायचा. पण वेग? मेमरी मोठी असेल तर बसा वाट बघत, आणि स्पूलमध्ये जागा आहे का तेही आधीच बघा.

स्टँड-अलोनसाठी, म्हणजे लिनक्सबाहेरून स्वतंत्र चालणाऱ्या डंप साधनासाठी, डास्डचं (मेनफ्रेमच्या डिस्कचं) पार्टिशन झिपल या बूट तयार करणाऱ्या कमांडने आधीच तयार हवं. त्यावरून आयपीएल (बूट) करायचं, म्हणजे चालू लिनक्स गेलाच. नंतर झेडगेटडंप या कमांडने डंप कॉपी करायचा. हा प्रकार एलपीएआरवरही (झेड/व्हीएमशिवाय, मेनफ्रेमच्या थेट विभागावर) चालतो. मोठ्या गेस्टला मी हाच घेईन.