जुन्या घरगुती वस्तू: बाजारात हाताळून घ्याव्यात की ऑनलाइन लिलावात?

१०० वर्षांहून जुनी वस्तू ‘अँटिक’, त्याहून अलीकडची ‘व्हिंटेज’, असा सर्वसाधारण संकेत आहे. विक्रेता वय सांगतो, पारखायचं मात्र आपल्याला. त्यासाठी वस्तू हातात असावी, असं माझं ठाम मत आहे.

बाजारात चिनी मातीची बशी नखानं हलकेच वाजवून बघता येते. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असण्याची शक्यता मोठी, डोळ्यांना तो दिसो वा न दिसो. पितळी म्हणून दाखवलेल्या समईला लोहचुंबक चिकटला, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. टेबलाचा खण पूर्ण बाहेर ओढावा: हातानं कापलेल्या सांध्यांचे दात थोडे असमान असतात, यंत्रानं कापलेले एकसारखे. मागची फळीही बघावी. फसवणारा माणूस तिथे सहसा मेहनत घेत नाही. फोटोतून यातलं फारच थोडं कळतं.

ऑनलाइनचा आवाका मात्र अफाट आहे. संचातला एकच कप फुटला असेल, तर तसाच कप दुसऱ्या टोकाच्या शहरात सापडू शकतो. तळाच्या शिक्क्याचा फोटो आवर्जून मागवा: ‘९२५’ म्हणजे ९२.५ टक्के चांदी, ‘ईपीएनएस’ म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा पातळ थर. बोलीवर बहुधा कमिशन चढतं, पाठवणीचा खर्च वेगळा. दोन्ही धरूनच मर्यादा ठरवावी.

सुटे कप, चमचे, झाकणं मी बेलाशक ऑनलाइन घेईन. कपाट किंवा आरसा कधीच नाही.