'इट स्टार्ट्स विथ अस' : आठ महिने, तीन वाचनं आणि सुटलेली पानं

कोलीन हूवरची ही कादंबरी मी गेल्या पावसाळ्यात नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून खूश होते, तिसऱ्याच महिन्यात मधली पानं सुटून हातात आली. घ्यायची तर धड दुकानातून घ्या.

हा 2022 सालचा दुसरा भाग. 2016 चा 'इट एंड्स विथ अस' आधी वाचलेला हवा, नाहीतर नायिका लिली एवढी दबकून का वागते तेच कळायचं नाही. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून, राइलपासून, ती वेगळी झाली आहे, मुलगी लहान आहे, बोस्टनमध्ये फुलांचं दुकान आहे. शाळेत असताना ज्या बेघर ॲटलसला तिने घरच्यांना चोरून जेवू घातलं, तो आता शेफ होऊन समोर आलाय. एक प्रकरण ती सांगते, एक तो.

पहिल्यांदा दोन रात्रींत संपवली. इंग्रजी सोपी आहे. तेव्हा सगळा जीव ॲटलसमध्ये. दुसऱ्यांदा लोकमान्य नगर ते सीताबर्डी मेट्रोत थोडी थोडी वाचली आणि तोच खटकायला लागला. हा बाबा कधी चिडत नाही, कधी दमत नाही, जे ऐकायचं असतं नेमकं तेच बोलतो. असा माणूस भेटल्यावर जखम भरणारच ना! खरा वाटतो तो धाकट्या जॉशपुढे. आपल्याला एक भाऊ आहे हे अचानक कळतं आणि त्या पोराशी बोलावं काय, हे याला सुचत नाही. मला ती प्रकरणं चुंबनांपेक्षा आवडली.

तिसऱ्या वाचनात उरली ती लिलीची धास्ती. माझाही घटस्फोट झालाय. दर दुसऱ्या रविवारी मुलाचे वडील त्याला न्यायला येतात. फाटकाची कडी वाजली की आधी पोटात गोळा येतो, मग मी मुलाची बाटली भरते. ॲटलसबद्दल राइलला कधी आणि कसं सांगायचं, याचा हिशेब लिली सतत करत असते. हे हूवरबाईने अगदी बरोबर पकडलंय. शेवट मात्र फार लवकर गोड होतो.

आणि अलिसा! राइलची सख्खी बहीण, पण लिलीच्या बाजूने उभी राहते. माझी नणंद अजून सांबारवडी घेऊन येते, मला वहिनीच म्हणते. तिने पुस्तक नेलं, महिनाभर ठेवलं. परत देताना चपला घालता घालता म्हणाली, "आपल्यात भावाच्या विरोधात बोललं का माहेर संपते, वहिनी. मी तेव्हा चूप राहिली."

सुटलेली पानं तिने फेविकॉलने चिकटवून आणली आहेत. त्यातली चार उलटी लागलीत. तशीच ठेवली.