किंडल पेपरव्हाइट (२०२४): वाचायला उत्तम, कॉम्प्युटरला जोडताना हट्टी

सात इंची स्क्रीन, ३०० पीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), १६ जीबी जागा आणि पाण्यात पडला तरी टिकेल अशी बांधणी. अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक रीडरच्या बाराव्या पिढीतल्या या पेपरव्हाइटबद्दल वाचनाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. देवनागरी जोडाक्षरंही स्वच्छ उमटतात. पण केबल लावून स्वतःच्या फायली आत टाकायची वेळ आली, की 'कॉम्प्युटरला दिसतच नाही' ही ओरड सुरू होते. बहुतेक वेळा किंडल बिघडलेला नसतो. त्याची जोडणीची पद्धत बदलली आहे, आणि ते कुणी ठळकपणे सांगत नाही, हा या मशीनचा खरा दोष.

जुने पेपरव्हाइट पेन ड्राइव्हसारखे उघडायचे. २०२२ चा किंडल स्क्राइब आणि २०२४ चे नवे किंडल एमटीपी वापरतात, म्हणजे अँड्रॉइड फोन ज्या पद्धतीने फायली देतो-घेतो तीच. त्यामुळे विंडोजमध्ये त्याला ई: किंवा एफ: असं ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. 'धिस पीसी'मध्ये तो नुसत्या नावाने दिसतो. तो उघडून 'इंटर्नल स्टोरेज' आणि त्यातल्या 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये पुस्तकं टाकायची. पासकोड लावला असेल तर आधी तो टाकून किंडल उघडा, मगच केबल लावा.

मॅकवाल्यांची खरी अडचण आहे. मॅकओएसला एमटीपी येतच नाही, त्यामुळे फाइंडरमध्ये किंडल कधीच दिसणार नाही, कितीही केबली बदलल्या तरी. अ‍ॅमेझॉनचा 'यूएसबी फाइल मॅनेजर', मोफत मिळणारं ओपनएमटीपी किंवा ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या कॅलिबर या प्रोग्रामची नवी आवृत्ती यांपैकी काहीतरी लागेलच. यांतलं एका वेळी एकच चालू ठेवा. एकाने किंडल धरून ठेवला की दुसऱ्याला तो मिळत नाही, आणि गूगलचं जुनं अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर मशीनवर राहिलं असेल तर तेही मध्येच झडप घालतं. अ‍ॅपल चिप असलेल्या मॅकबुकवर 'ही अ‍ॅक्सेसरी जोडू द्यायची का' असा प्रश्न येतो; तिथे चुकून नकार दिला असेल तर किंडल फक्त चार्ज होत राहतो.

आता केबल. चार्जिंगची खूण दिसते म्हणजे केबल चांगली, हा समज सोडा. त्या खुणेवरून एवढंच कळतं की वीज वाहणाऱ्या तारा शाबूत आहेत. डेटाच्या तारा वेगळ्या असतात, आणि पॉवर बँक किंवा ट्रिमरसोबत येणाऱ्या अनेक स्वस्त केबलींत त्या घातलेल्याच नसतात. तपासणी सोपी आहे: त्याच केबलने अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला जोडा. फोनने 'फाइल ट्रान्सफर'चा पर्याय दिला तर केबल ठीक, नुसतं 'चार्जिंग' म्हणाला आणि दुसरा पर्यायच दिला नाही तर ती बाजूला ठेवा. यूएसबी हब आणि डेस्कटॉपची पुढची पोर्टंही टाळा, मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. केबल आत नीट बसत नसेल, हलत असेल तर किंडल बंद करून पोर्टात साचलेला कापूस-धूळ लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा पिन अजिबात नको.

केबल ठीक असूनही विंडोजवर काही दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'पोर्टेबल डिव्हाइसेस'खाली किंवा 'अदर डिव्हाइसेस'मध्ये पिवळा त्रिकोण लागलेला किंडल सापडला, तर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, केबल काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून परत लावा. युरोपात राहणाऱ्यांनी विंडोजची आवृत्ती पाहावी. नावाच्या शेवटी 'एन' असेल तर मायक्रोसॉफ्टचा मीडिया फीचर पॅक टाकल्याशिवाय एमटीपी चालत नाही, आणि ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

किंडल रीस्टार्ट करायची रीत: पॉवरचं बटण पूर्ण ४० सेकंद दाबून धरा. मध्येच मेनू येतो; तिकडे लक्ष न देता दाबून ठेवायचं. बॅटरी पार उतरली असेल तर आधी भिंतीवरच्या चार्जरला अर्धा-पाऊण तास लावा. फॅक्टरी रीसेट मात्र शेवटचा उपाय, कारण केबलने टाकलेली सगळी पुस्तकं त्यात पुसली जातात आणि ती अ‍ॅमेझॉनकडून परत मिळत नाहीत.

जोडणी झाली, फाइल गेली, तरी पुस्तक दिसत नाही? मग फाइल बहुधा ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रचलित फाइल-प्रकार) आहे. केबलने टाकलेली ईपब किंडल दाखवत नाही. कॅलिबरमध्ये तिचं किंडलला चालणारं एझेडडब्ल्यू३ करून टाका, किंवा अ‍ॅमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' या वेबपानावरून २०० एमबीपर्यंतची ईपब बिनतारी पाठवा. मराठी पीडीएफचं रूपांतर करण्याच्या फंदात शक्यतो पडू नका. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या पुस्तकाचा मजकूर रूपांतरात निव्वळ रोमन चिन्हांचा कचरा होतो, आणि युनिकोड असला तरी वेलांट्या आणि रफार जागा सोडतात.

विकत घेतलेली पुस्तकं अ‍ॅमेझॉनच्या साइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकण्याची सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे. ती किंडलवर घ्यायला आता वाय-फाय हवंच. विंडोज वापरणाऱ्यांना आणि मुख्यतः अ‍ॅमेझॉनवरूनच पुस्तकं घेणाऱ्यांना मी हा किंडल खुशाल घ्या म्हणेन. मॅकवर ईपबचा मोठा साठा असेल आणि परदेशातून मागवायची सोय असेल, तर आधी कोबो हा दुसऱ्या कंपनीचा ई-बुक रीडर पाहा: तो फाइंडरमध्ये साध्या ड्राइव्हसारखा उघडतो आणि ईपब थेट वाचतो. फक्त केबल लावल्यावर त्याच्या स्क्रीनवर येणारं 'कनेक्ट' दाबायला विसरू नका, नाहीतर तोही नुसता चार्ज होत बसेल.