फुटिंगच्या कामाला लेझर लेव्हल: काही महिन्यांच्या वापरानंतर

हिरव्या रेषेची, तिपाईवर बसणारी लेझर लेव्हल (सगळीकडे एकाच उंचीवर प्रकाशरेषा टाकणारं यंत्र) मी फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या, कामात खोदाईपासून जोत्यापर्यंत वापरली. बहुतेक जण ती टाइल्स आणि फॉल्स सीलिंगसाठी घेतात, त्यामुळे पायाच्या कामात ती कशी चालते तेवढंच सांगतो.

आधी उन्हाचं बोलू. लाल रेषेपेक्षा हिरवी ठळक दिसते हे खरं, पण भर दुपारी उघड्यावर ती थोड्याच अंतरावर गायब होते. रिसीव्हर (रेषा पकडून आवाज देणारं छोटं उपकरण) आणि पल्स मोड (रिसीव्हरला रेषा ओळखता यावी म्हणून ती वेगाने लुकलुकवणारी सोय) नसलेलं यंत्र या कामाला घेऊच नका. रिसीव्हर उंची मोजायच्या पट्टीला अडकवला की आवाजावर काम होतं, रेषा दिसायची गरजच उरत नाही.

खरी मजा खड्ड्याच्या तळाशी आहे. समजा रेषा बेंचमार्कच्या (उंची मोजायला धरलेल्या पक्क्या खुणेच्या) 1.20 मीटर वर आहे आणि तळ बेंचमार्कच्या 1.50 मीटर खाली हवाय. मग तळाशी पट्टी 2.70 दाखवायला हवी आणि 100 मिमी पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) झाल्यावर 2.60. एवढे दोन आकडे मिस्त्रींना दिले की एकटा माणूस सगळे खड्डे तपासून येतो. पाण्याच्या लेव्हल पाईपला दोघं लागतात, आणि आत बुडबुडा राहिला तर सगळंच मुसळ केरात. आमच्याकडे एका कोपऱ्यात तळ भुसभुशीत निघाला. इंजिनिअरनी तिथे घट्ट थर लागेपर्यंत खोदायला लावलं आणि वाढलेली खोली माती न टाकता पीसीसीने भरून घेतली. भर किती हवी ते तिथल्या तिथे कळलं.

काटकोनाचं काम मात्र मी यंत्रावर सोडलं नाही. आखणी दोरीनेच केली: काटकोन त्रिकोणाच्या बाजू 3-4-5 ऐवजी 6-8-10 मीटर, कारण बाजू लांब असली की कोनातली चूक कमी राहते. शिवाय आखलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना ते पाहायचं. सेंटर लाइनच्या (भिंती-कॉलमच्या मध्यरेषेच्या) खुंट्या खड्ड्यांपासून लांब ठोका, नाहीतर खोदाईत त्याच आधी उखडतात.

कुरबुरी आहेतच. भरावाच्या मातीत तिपाईचा पाय हळूहळू खचतो, म्हणून दर थोड्या वेळाने बेंचमार्कवर परत वाचन घ्यावं लागतं. शेजारी माती ठोकायचा कॉम्पॅक्टर चालू असला की रेषा थरथरते. उचलून नेताना आतला लंबक लॉक करायला विसरू नका. बॅटरीची तक्रार नाही, फक्त आडवी रेषा चालू ठेवली तर दिवस निघतो.

एकाच घरापुरतं काम असेल तर विकत घेऊ नका. खोदाई ते जोतं एवढ्या काळासाठी रिसीव्हरसकट भाड्याने मिळत असेल तर तेच बरं.