दोन इंची सोडियम आयोडाइड संच: कोकणातल्या प्रयोगशाळेत किती चालतो?

न्यूट्रिनोविरहित द्विबीटा क्षयावर (एकाच अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन निघतात, पण न्यूट्रिनो एकही निघत नाही, असा अपेक्षित क्षय) कॉलेजात प्रकल्प करायचा असेल, तर आवाक्यातला पर्याय म्हणजे 2 इंची सोडियम आयोडाइड स्फटिकाचा गॅमा डिटेक्टर आणि गॅमा किरणांना ऊर्जेनुसार 1024 कप्प्यांत (चॅनेल) मोजणारा यूएसबी विश्लेषक. या संचावर तो क्षय दिसणार नाही, हे घेण्याआधीच समजून घ्या. हाच क्षय शोधणाऱ्या जेर्डा प्रयोगानुसार जर्मेनियम-76 चं या क्षयाचं अर्धायुष्य 1.8 × 10²⁶ वर्षांहून अधिक आहे. म्हणजे 1 किलो शुद्ध जर्मेनियम-76 मध्ये 30 वर्षांत एखादा क्षय, फार तर. उलट खताच्या दुकानातल्या किलोभर म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये दर सेकंदाला पोटॅशियम-40 चे सुमारे 15,000 क्षय होत असतात. संशोधकांची झुंज असते ती अशा नैसर्गिक किरणोत्साराच्या गोंगाटाशी, आणि तो गोंगाट हा संच उत्तम दाखवतो.

कॅलिब्रेशनला (कोणता चॅनेल किती ऊर्जेचा हे ठरवायला) सीझियमचा स्रोत लागत नाही. पोटॅशची किलोची पिशवी डिटेक्टरला टेकवली की 1461 केईव्हीचं (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) शिखर मिळतं. पेट्रोमॅक्सचं जुनं थोरियमवालं मँटल (प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद, हाताळून चुरा होऊ न देता) 239, 583 आणि 2614 देतं. शेवटचं थॅलियम-208 चं, आणि तेच महत्त्वाचं: द्विबीटा क्षय जिथे शोधतात त्या जर्मेनियमच्या 2039 आणि टेल्युरियम-130 च्या 2527 केईव्ही, दोन्ही खिडक्यांच्या (ऊर्जापट्ट्यांच्या) वर ते बसतं आणि त्याचे विखुरलेले गॅमा खाली खिडकीत सांडतात. इथे एक चूक हमखास होते. गेन (संकेताचं वर्धन) 2000 केईव्हीपर्यंतच ठेवला, तर 2614 पडद्याबाहेरच राहतं. डिटेक्टरचं व्होल्टेज थोडं उतरवून ते शिखर 850 व्या चॅनेलच्या आसपास आणा.

रिझोल्यूशन (शिखर किती अरुंद दिसतं ते) ही खरी मर्यादा. सीझियमच्या 662 केईव्हीवर 7 टक्के म्हणजे 2039 वर साधारण 80 केईव्ही रुंदी. जर्मेनियम डिटेक्टरला तिथे 3 च्या आसपास मिळते. दोन न्यूट्रिनो बाहेर टाकणाऱ्या नेहमीच्या द्विबीटा क्षयाची शेपटी खिडकीत किती शिरते, ते रुंदीच्या सहाव्या घाताने वाढतं. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावं.

बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या शिशाच्या भिंतीसाठी मासेमारीच्या जाळ्यांच्या गोळ्या सहज मिळतात, पण गोळ्यांच्या मधल्या फटींमुळे 5 सेंमी थर 3 सेंमीच्या घन शिशाइतकाच भरतो. विटा घ्या, 5 सेंमी वीट 2614 चा थेट झोत दहाव्या हिश्श्यावर आणते. शिसं घरी वितळवू नका. नव्या शिशात 22 वर्षं अर्धायुष्याचं किरणोत्सारी शिसं-210 असतं. म्हणूनच इटलीतल्या क्युओरे प्रयोगाने बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं वापरलं. काळी वाळू म्हणजे मोनाझाइट (थोरियम असलेलं खनिज), असं समजून ती गोळा करू नका. रत्नागिरीकडच्या वाळूत मुख्यतः इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं खनिज) आहे.

दमट हवा हा या स्फटिकाचा शत्रू. तो पाणी शोषतो. ॲल्युमिनियमच्या डबीचं सील सुटलं की स्फटिक पिवळा पडतो, प्रकाश घटतो, शिखरं पसरतात, आणि त्यावर इलाज नाही. डिटेक्टर सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून घ्या. एसी खोलीतून थेट तापलेल्या गाडीत नेऊ नका, स्फटिक तडकतो. तापमानाबरोबर शिखरं सरकतात, तेव्हा रात्रभराच्या मोजणीनंतर 1461 पुन्हा तपासा. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस हवाच.

पावसाळ्यासाठी मात्र हा संच अगदी योग्य. जोराची सर आली की हवेतले रेडॉन या किरणोत्सारी वायूचे वंशज (त्याच्या क्षयातून बनलेले अणू) धुऊन जमिनीवर येतात. 609 केईव्हीचं बिस्मथ-214 चं शिखर उंचावतं, आणि सर थांबल्यावर तास-दीड तासात खाली येतं. दहा-दहा मिनिटांच्या फायली साठवा. जांभ्याच्या खोलीत रात्रभर खिडक्या बंद ठेवून, मग सकाळी उघडून केलेल्या रेडॉनच्या मोजण्याही त्याच शिखरावर पडताळता येतात.