फाउंटनमध्ये मराठी पटकथा: काही महिने वापरल्यावर

दिवाळीपासून पटकथा फाउंटनमध्ये लिहितेय. हे सॉफ्टवेअर नव्हे, लिहिण्याची पद्धत आहे. पटकथाकार जॉन ऑगस्ट आणि दिग्दर्शक स्टू मॅश्विट्झ यांनी ती २०१२ मध्ये आणली. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठरलेल्या खुणा करत लिहायचं, मग एखादं ॲप मांडणी करून पीडीएफ देतं. पद्धत फुकट आहे आणि मोबाइलच्या नोट्समध्येही लिहिता येतं.

मराठीची अडचण पहिल्याच पानावर येते. पात्राचं नाव फाउंटन ओळखतं ते कॅपिटल अक्षरांवरून, आणि देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार? सोय मात्र आहे. नावाआधी ईमेलमधलं ॲट चिन्ह टाकायचं, सीन हेडिंगआधी टिंब. नावाखाली लगेच संवाद लिहायचा; मध्ये रिकामी ओळ सुटली तर तो वर्णनात जातो. बरोबरचं चिन्ह (=) टाकून सुरू केलेली ओळ छापून येत नाही, त्यामुळे प्रत्येक सीनचा सारांश तिथेच लिहून ठेवते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सीन हेडिंगनं. आत की बाहेर, नेमकं कुठे, दिवस की रात्र, हे आधी ठरवावं लागतं. माझ्या शॉर्ट फिल्ममध्ये दोन भाऊ पगारावरून भांडतात. 'आत. यंत्रमाग कारखाना - रात्र' एवढं लिहिलं आणि हात थांबला. माग चालू असताना तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हातवाऱ्यांवर काम चालतं. मग आतला सीन बिनसंवादाचा झाला: धागा तुटतो, धाकटा तो न जोडता माग बंद करतो आणि निघून जातो. बोलाचाली बाहेर चहाच्या टपरीवर, तीही चार ओळींत. 'त्याला अपमान वाटला' हे पडद्यावर कसं दाखवायचं, ते मला इथं कळलं.

सोलापूरच्या पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं घर दाखवायचं म्हणजे तेलुगू आलीच. आई घरात तेलुगू बोलते, दारात आलेल्याशी मराठी. नावाखाली कंसात 'तेलुगूत' लिहिते, संवाद मराठीतच ठेवते.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशोब मात्र विसरा. तो १२ पॉइंट कुरियर या सारख्या रुंदीच्या अक्षरांच्या फॉन्टमधल्या इंग्रजी पानाचा. कुरियरमध्ये देवनागरी नाही, आणि आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. मी स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचते, हालचालींच्या जागी तेवढा वेळ थांबते.

पीडीएफचं दुखणं वेगळंच. एका मोफत ॲपनं जोडाक्षरं फोडून ठेवली, दुसऱ्यानं नुसते चौकोन छापले. फॉन्ट बदलता येणारं ॲप घ्या. नोटो सॅन्स देवनागरी लावल्यावर माझं काम झालं.

शॉर्ट फिल्मपुरतं हे भरपूर आहे. सीनवार कपडे-सामानाच्या याद्या आपोआप हव्या असतील तर विकतचं सॉफ्टवेअर बघावं लागेल. मी त्या अजून वहीतच करते.